नाना कुठल्या खात्यात टाकू?

माझा धंदा बुडणार, ही बातमी मला दर सात-आठ वर्षांनी कुणीतरी येऊन देतं. आणि आनंदाने देतं, हे विशेष. डॉक्टरला कुणी ‘आता तुमचं काही खरं नाही’ असं सांगताना खूश होत नाही. पण चार्टर्ड अकाउंटंट संपणार म्हटलं की सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर इन्कम टॅक्सचा रिफंड आल्यासारखं तेज येतं.

पहिल्यांदा ही बातमी दिली बाबांच्या एका मित्राने, १९९४ साली. मी आर्टिकलशिपला लागले त्याच आठवड्यात. “पोरी, आता कॉम्प्युटर आलाय. बेरजा तो मारणार. तू आपलं बी.एड. कर.” बी.एड. हा त्या काळी सांगलीतल्या कुठल्याही मुलीच्या कुठल्याही प्रश्नावरचा उतारा होता. मग टॅली आलं, तेव्हा लोक पुन्हा हळहळून गेले. मग ऑनलाइन रिटर्न आली. मग २०१७ साली जीएसटी आला. तोही नेमका १ जुलैला, म्हणजे आमच्या इन्स्टिट्यूटच्या वाढदिवशी, आणि सगळं आपोआप जुळणार असं सांगत आला. त्यानंतर माझ्या ऑफिसात दोन मुली वाढवाव्या लागल्या. आता परवा एका मुंजीत पुतण्या मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन म्हणाला, “काकू, तुमचं काम आता एआय करणार.”

म्हटलं, “तू रिटर्न भरलंस का यंदाचं?”

“ते तुम्हीच भरता ना?”

आमचं आडनाव कुलकर्णी. म्हणजे सासरचं. गावाचा हिशेब लिहायचा, कुणाचं किती येणं आणि किती थकलं याची नोंद ठेवायची आणि त्याबद्दल गावाच्या शिव्या खायच्या, हे पिढीजात वतन. ते सरकारने १९५० च्या कायद्याने रद्द करून टाकलं. तेव्हा हिशेबनीस नामशेष होण्याचा प्रसंग आमच्या घराण्यात एकदा येऊन गेलेला आहे. सासरे सांगायचे, दप्तर तलाठ्याकडे गेलं, पण लोक पुढची वीस वर्षं आमच्याच ओसरीवर येऊन बसत आणि ‘आमचा बांध नक्की कुठवर हो?’ म्हणून विचारत. फुकट. माझ्या धंद्याचं भवितव्य काय, याचा विचार करताना मला कुठल्याही तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा ही ओसरी जास्त आठवते, आणि त्यातला ‘फुकट’ हा शब्द जास्तच. आणखी मागे गेलं तर पेशवाईतला सगळ्यात धोरणी माणूस म्हणून आपण ज्यांचं नाव घेतो ते नाना फडणवीसही मुळात हिशेबाच्याच खात्यातले. नाना हे नाव जरा लक्षात असू द्या. पुढे लागणार आहे.

तर आर्टिकलशिप. तेव्हा वह्या हाताने लिहिलेल्या असत. रोजकीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज, आणि तेरजेच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या यायला हव्यात. त्या कधीच यायच्या नाहीत. आम्ही हिरव्या पेन्सिलीने टिक करत बसायचो. पहिल्या वर्षात मी जितक्या बरोबरच्या खुणा केल्या तितक्या एखादी शाळामास्तरीण रिटायर होईपर्यंत करत नाही, बी.एड. टाळून काय साधलं, असा प्रश्न तेव्हा पडायचा. एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या तेरजेत ४५ रुपयांचा फरक येत होता. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला मी पर्स उघडली आणि सरांना म्हटलं, “सर, हे ४५ रुपये घ्या, पण मला घरी जाऊ द्या.”

सर इतके दुखावले की त्यांनी चष्माच काढून ठेवला. मग कागदावर ४५ लिहून त्याला ९ ने भाग लावला. गेला. “नवाने जातोय ना? म्हणजे कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. आणि नवाने गेला नसता तर निम्मी रक्कम शोधायची. एखादी नोंद जमेऐवजी नावे पडलेली असते.” पाऊण तासात सापडलं. गणपतीची वर्गणी ७२ रुपये, खतावणीत २७. मुनिमांनी बाप्पाला ४५ रुपयांना टोपी घातली होती, आणि तीही नकळत.

अगदीच नाही सापडलं तर फरक सस्पेन्स खात्यात टाकतात. नाव ऐकून लोकांना त्यात खून वगैरे असेल असं वाटतं. तसं काही नसतं. घरात जिन्याखाली जागा असते ना, मोडका टेबलफॅन आणि कुणाची तरी सतरंजी ठेवायची, तसं ते खातं. ज्याचं काय करायचं ते कळत नाही ते तिथे सारायचं आणि आठवलं की बघू म्हणायचं.

मलाही लोकांनी बरीच वर्षं तिथेच सारलं होतं.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं असत. जमिनीखाली खोल खणलेली, तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आणि आत हळद, वर्षानुवर्षं. आता गोदामं आणि शीतगृहं झाली, पण तेव्हा एका अडत्याच्या ऑडिटला माल मोजायला सरांनी मला पाठवलं. इंग्लंडमधल्या एका न्यायाधीशाने १८९६ साली लिहून ठेवलंय की हिशेबतपासनीस हा घराची राखण करणारा कुत्रा आहे, माग काढत फिरणारा शिकारी कुत्रा नव्हे. हे वाक्य आम्हाला परीक्षेला असतं. त्या न्यायाधीशाला कुणी पेवाच्या तोंडाशी उभं केलं नव्हतं. मी तिथे विहिरीत डोकावणाऱ्या मांजरासारखी वाकून बघत होते. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं, कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते. त्या वेळात अडत्याने मला दोनदा चहा पाजला आणि चारदा सांगितलं, “ताई, तुम्ही कशाला? तुमच्या सरांना येऊ द्या की सावकाश.” सावकाश म्हटल्यावर मला संशय आला आणि मी उतरले. माल होता. जेवढा लिहिला होता तेवढाच होता. माणूस सरळ होता, उगाच संशय घेतला. पण मी वर आले ती केसांपासून चपलांपर्यंत पिवळी. परतीच्या बसमध्ये कंडक्टर तिकिटाचे पैसेच घेईना. म्हणाला, “राहू द्या. हळद झाली, आता लग्न कुठं हाय?”

लग्न पुढे झालं, सांगलीतच. १९९९ साली गणपती पेठेत माझं ऑफिस झालं. दारावर माझ्या नावाची पाटी. पहिले क्लायंट आले, बेदाण्याचे व्यापारी. आत आले, माझ्याकडे पाहिलं, समोरच्या खुर्चीत बसले आणि घड्याळ बघून म्हणाले, “साहेब यायला वेळ आहे का?”

म्हटलं, “मीच.”

ते कौतुकाने हसले. एखाद्या लहान मुलीने ‘मी टीचर झालेय’ म्हटल्यावर हसतात तसे. आणि बसून राहिले.

असं तिघांचं झाल्यावर माझ्या नवऱ्याने तोडगा काढला. तो कॉलेजात भूगोल शिकवतो, आणि नावे कुठल्या बाजूला नि जमा कुठल्या बाजूला हे त्याला आजही अंदाजानेच सांगावं लागतं. पण त्याच्याकडे मिशा होत्या. चार शनिवार तो माझ्या खुर्चीत बसला. मी शेजारी वही घेऊन. व्यापारी सगळं त्याला सांगायचे. तो गंभीरपणे मान हलवायचा आणि अधूनमधून ‘असं का?’ म्हणायचा, मी लिहून घ्यायचे. उठताना ते त्याला नमस्कार करायचे आणि मला विचारायचे, “वहिनी, सगळं नीट उतरून घेतलंत ना?” फीसुद्धा त्याच्याच हातात. एकाने तर पुढे दोन वर्षं सगळीकडे सांगितलं की कुलकर्णी साहेबांसारखा सल्ला नाही, फालतू एक शब्द बोलत नाहीत.

पाच वर्षांत मी वहिनीची मॅडम झाले. आणखी काही वर्षांनी साहेब. ‘आमच्या साहेब हळदीकुंकवाला गेल्यात’ हे वाक्य मी माझ्या स्वतःच्या ऑफिसच्या फोनवर ऐकलेलं आहे.

यात तक्रार करण्यासारखं फार नाही, कारण माझ्या आधीच्यांचं पाहिलं की आपण आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या असं वाटतं. इंग्लंडमध्ये मेरी हॅरिस स्मिथ बाईंनी १८९१ साली तिथल्या संस्थेचं सभासदत्व मागितलं. बाई आहात म्हणून नाही म्हणाले. मिळालं १९२० साली, वयाच्या पंचाहत्तरीला. आपल्याकडे मद्रासच्या आर. शिवभोगम १९३३ साली हिशेबाची सरकारी पदविका पास झाल्या, देशातल्या पहिल्या बाई. पण त्याआधी स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात जाऊन आलेल्या. आणि नियम असा की तुरुंगात गेलेल्या माणसाची नोंदणी होणार नाही. बाई त्या नियमाविरुद्ध भांडल्या आणि जिंकल्या. हे वाचल्यापासून ‘साहेब यायला वेळ आहे का’ हा मला फारच किरकोळ खर्च वाटू लागलाय.

घरचं ऑडिट मात्र सासूबाईंकडे. कॅलेंडरवर दुधाचे खाडे त्या मांडत. ज्या दिवशी दूध नाही त्या तारखेवर फुली, अर्धा लिटर कमी तर अर्धी फुली, आणि पाणी जास्त वाटलं तर तारखेभोवती गोल. महिनाअखेरीस दूधवाला आणि सासूबाई त्या कॅलेंडरखाली समोरासमोर उभे राहत. तो तीन खाडे कबूल करी, या पाच सांगत, आणि मग त्या गोल केलेल्या तारखांकडे बोट दाखवत. तो गप्प होई. नोंद, पुरावा, शेरा, सगळं एका पानावर. मी एकदा सांगायला गेले की याचा मोबाइलवर तक्ता करून देते. त्या म्हणाल्या, “त्याला मोबाइलची भीती वाटत नाही.”

आमच्या धंद्यातल्या तारखाही कुणीतरी सुनेवर राग असल्यासारख्या लावल्यात. टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर, म्हणजे गौरी-गणपती त्यात. ऑडिटवाल्यांची रिटर्न ३१ ऑक्टोबर, म्हणजे बहुतेक वेळा फराळ त्यात. चकलीच्या सोऱ्याला एक हात आणि माऊसला एक हात अशी माझी पंचविसेक वर्षं गेली. मुदतवाढ मिळते; पण ती घरात पाहुणे येऊन बसल्यावर गॅस सिलिंडर यावा तशी. १५ सप्टेंबर २०२५ ही रिटर्नची शेवटची तारीख होती. त्या रात्री बाराला काही मिनिटं राहिली असताना मुदत वाढल्याचं जाहीर झालं. किती? एक दिवस. मी त्या वेळी शेवटचं रिटर्न पाठवून हात धुवायला उठले होते.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. गणपती पेठेत दुकानांच्या पाट्या तेवढ्या पाण्याबाहेर. माझ्या ऑफिसात खालच्या दोन रॅक भिजल्या. पाणी उतरल्यावर आम्ही त्या फायली घरच्या गच्चीवर नेल्या आणि कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून व्हाउचर वाळत घातली. सात दोऱ्या. शेजारच्या आजींनी विचारलं, “पापड आहेत का गं?” दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस, म्हणून नवऱ्याने इस्त्री काढली. साध्या कागदाची बिलं छान झाली. मग त्याने उत्साहाच्या भरात पेट्रोल पंपाच्या आणि एटीएमच्या चिठ्ठ्या घेतल्या. तो कागद उष्णतेने छापला जातो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. इस्त्री फिरली आणि चिठ्ठी अमावास्येसारखी काळी. एका ट्रान्सपोर्टवाल्याचं तीन महिन्यांचं डिझेल त्याने असं पाच मिनिटांत जाळलं.

पुराचा दुसरा परिणाम मात्र दीर्घकाळ टिकला. ‘वह्या पुरात गेल्या’ हे कारण त्यानंतर तीन वर्षं चाललं. ज्यांच्या गेल्या त्यांनी खरं तर भिजलेले गठ्ठे पोटाशी धरून आणले होते. हे कारण सांगणारे वेगळे. त्यांतल्या एकाचं ऑफिस मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर होतं.

आता आपला मुख्य मुद्दा, म्हणजे यंत्र. माझं त्याच्याशी भांडण नाही. वर्षभरापूर्वी एक सॉफ्टवेअर घेतलं. बँकेचं स्टेटमेंट आत टाकायचं, ते एकेक नोंद वाचून योग्य त्या खात्यात नेऊन बसवतं. माझ्या मुलींना ज्याला दोन दिवस लागत ते चार मिनिटांत. पहिल्याच दिवशी त्याने एका क्लायंटचं दोनदा दिलेलं बिल पकडलं, जे मी स्वतः तपासून सही केलेलं होतं. रात्री जेवण गेलं नाही.

क्लायंटही आता फोनमध्ये विचारून येतात. पूर्वी मेव्हण्याला विचारून यायचे. त्यापेक्षा बरं, फोनचा निदान मान ठेवावा लागत नाही. एका हळदवाल्यांचा मुलगा आला. म्हणाला, “मॅडम, आपल्याला इन्कम टॅक्सच नाही. हळद शेतीउत्पन्न आहे.” म्हटलं, “हळद शेतात पिकते खरं, पण तुम्ही ती पिकवत नाही, विकता. शेत कुठाय तुमचं?” तो परत फोनमध्ये बघू लागला, शेत सापडतंय का. तसं त्याचं फार चुकलं म्हणता येत नाही. उकडून, वाळवून, पॉलिश केलेलं हळकुंड शेतमाल आहे की नाही यावर जीएसटीच्या प्राधिकरणापर्यंत वाद गेलेले आहेत. आणि २०२४ च्या डिसेंबरात तर खारे पॉपकॉर्न आणि साखरेतले पॉपकॉर्न यांचा कर निराळा, हे जीएसटी कौन्सिलला बसून देशाला समजावावं लागलं. अशा देशात फोनने गोंधळू नये तर काय करावं? खुद्द सरकारी बाजूचीही हीच गत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे कुठल्याच न्यायालयाने दिलेले नव्हते. आम्ही आर्टिकलला असताना अशी थाप मारली असती तर सरांनी नुसता चष्मा काढून भागवलं नसतं.

त्यात १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा कायदाच नवा. पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत आले की ज्या वर्षी कमावलं ते ‘मागील वर्ष’, आणि चालू आहे ते ‘आकारणी वर्ष’. गेल्या दिवाळीत बेदाणेवाल्यांना ते एकदाचं समजलं. त्यांनी मला फोन करून सांगितलं. आता दोन्ही वर्षं रद्द, एकच ‘कर वर्ष’. ऐंशी-सी गेलं, त्याचं एकशे तेवीस झालं. आमच्या ओळखीचे एक विमा एजंट दोन दिवस सुतक असल्यासारखे बसून होते.

मला खरी काळजी आहे ती माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींची. आमची आर्टिकलशिप तीन वर्षांची, त्यांची आता दोन. हुशार आहेत, माझ्याहून चटपटीत. पण ४५ रुपये कुणी शोधलेलेच नाहीत. परवा एकीला नवाने भागायची गंमत सांगितली. ती म्हणाली, “मॅडम, पण फरक येतच नाही ना. शोधू काय?” मला उत्तर देता आलं नाही.

मे महिन्यात हळदवाल्यांचं वर्ष बंद करायला बसले. सगळं जागच्या जागी. फक्त ‘विविध खर्च’ थोडे जास्त दिसले म्हणून उघडून पाहिलं. दर महिन्याच्या पाच तारखेला २,१०० रुपये. तपशील: ‘नाना’. नाना प्रकारचे, नाना तऱ्हेचे, तसं नाना म्हणजे विविध! यंत्राने कोश बघून काम केलं होतं. मराठीचं इतकं बरं ज्ञान असेल असं मला वाटलं नव्हतं.

हळदवाल्यांना फोन लावला. मुलाला नव्हे, वडिलांना.

“नाना कोण हो?”

“नाना? अहो, आपले नाना! दुकानाचे दिवाणजी. तुम्ही पेवात उतरला होता तेव्हा वर उभे होते ते.”

“ते कामावर आहेत अजून?”

“छे, सोडून अकरा वर्षं झाली. आणि आता तर जाऊनही दोन वर्षं झाली.”

“मग पैसे कुणाला जातात?”

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग, “काकूंना. पण त्यांच्या नावाने लिहू नका मॅडम. त्या घेणार नाहीत. ‘नानांचे’ म्हटलं की घेतात.”

गेलेल्या माणसाचा पगार खर्चात धरता येत नाही. धर्मादाय म्हणावं तर पावती नाही, आणि काकूंना कळलं तर त्या पैसे परत आणून देतील. मी ते सगळे २,१०० मालकांच्या वैयक्तिक उचलीत टाकले. ‘चालेल ना?’ विचारलं. “कुठंही टाका,” म्हणाले, “बंद नका करू.”

रात्रीचे अकरा वाजले होते. यंत्राने खाली नम्रपणे विचारलं, हा बदल लक्षात ठेवू? म्हटलं, ठेव. यापुढे सगळ्यांना लागू करू? मी जांभई देत ‘हो’वर टिचकी मारली.

गेल्या आठवड्यात ऑफिसातली ती मुलगी धावत आली. “मॅडम, फरक आला!” इतकी आनंदलेली मी तिला निकालाच्या दिवशीही पाहिली नव्हती. पुण्याचे एक मसाल्याचे क्लायंट आहेत, त्यांचा नफा गेल्या वर्षीपेक्षा ४,५६,००० ने फुगला होता. तिने मी सांगायच्या आधी आकड्याला ९ ने भागून पाहिलं होतं. जात नव्हतं. मग ती दिवसभर बसली, डबाही खाल्ला नाही, मी मुद्दाम काही बोलले नाही. साडेसहाला तिला सापडलं. दुकानाचं भाडं खर्चात धरलेलंच नव्हतं. दर महिन्याला ३८,००० रुपये, बाराही महिने, थेट मालकांच्या उचलीत गेले होते.

दुकान नाना पेठेत आहे.